सान्निध्याची जकात

भाद्रपदातील एखाद्या सकाळी, साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे बाराशे मीटर उंचीवर पसरलेल्या कासच्या पठारावर, जांभ्या खडकावरील पातळ मातीत उभ्या असलेल्या दवबिंदू नावाच्या कीटकभक्षी वनस्पतीसमोर जो कोणी गुडघे टेकून बसला असेल, आणि तिच्या रेषेसारख्या अरुंद पानावरील तांबूस केसांच्या टोकांशी चमकणारा चिकट द्रवाचा एकेक थेंब कॅमेऱ्यात उतरवण्याची खटपट ज्याने केली असेल, त्याला एक्स्पोजरचा परिचित प्रश्न इतक्या जवळून किती निराळे रूप धारण करतो याची प्रचीती आल्यावाचून राहिली नसेल. थेंब मोहरीच्या दाण्याहूनही लहान, पान वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेसरशी डोलणारे, आकाश मेघाच्छादित. आणि ज्या कॅमेऱ्याने आदल्या सायंकाळी अजिंक्यताऱ्याची तटबंदी विनासायास टिपली, तोच येथे कधी काळेकुट्ट, कधी पांढरेफटक आणि बहुतेक वेळा अस्पष्ट चित्र हाती ठेवतो. माझी पहिली दोन वर्षे अशीच गेली. कॅमेरा सदोष नव्हता, भिंगही उत्तम होते. जवळ जाण्याचे म्हणून जे दोन-तीन भौतिक नियम आहेत त्यांची मला माहिती नव्हती, आणि ती होताच जो प्रश्न गूढ वाटत होता तो साध्या अंकगणिताचा निघाला. ते अंकगणित वाचकांपुढे मांडावे एवढ्याचसाठी हा लेख आहे.

एक्स्पोजर म्हणजे फिल्मवर किंवा सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशाची मात्रा. तिचा कारभार भिंगातील छिद्र आणि शटर या दोघांकडे असतो, आणि आलेल्या प्रकाशाची किती बूज राखायची हे आयएसओ या संवेदनक्षमतेच्या अंकाने ठरते, हे सर्वश्रुत आहे. छिद्राचा एफ-अंक म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या, ४, ५.६, ८, ११, १६ अशी तिची चढती श्रेणी असून प्रत्येक पायरीस, म्हणजे एका स्टॉपला, प्रकाश निम्मा होतो. ही श्रेणी भिंगाच्या अंगावर किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर लिहिलेली असते आणि आपण तिच्यावर निःशंकपणे विसंबतो. निसर्गदृश्यांपुरता हा विश्वास रास्त आहे. परंतु फुलाच्या अंतरंगात शिरू पाहणाऱ्याने त्या अंकावर जसाच्या तसा विश्वास टाकला, तर त्याचा हिशेब पहिल्याच रकमेस चुकतो.

याचे कारण असे. भिंग दूरच्या डोंगराकडे रोखलेले असते तेव्हा ते सेन्सरपासून आपल्या नाभीय अंतराइतकेच दूर असते. वस्तू जवळ येऊ लागली की प्रतिमा सुस्पष्ट व्हावी म्हणून ते पुढे सरकवावे लागते, आणि फुलाची प्रतिमा सेन्सरवर फुलाएवढीच उमटावी, ज्याला एकास एक विवर्धन म्हणतात, अशी इच्छा असेल तर हे अंतर दुप्पट होते. जत्रेतील तंबूच्या सिनेमात पडदा यंत्रापासून जितका दूर न्यावा तितके चित्र मोठे, परंतु तितकेच फिकट होत जाते. तसाच भिंगातून आलेला तोच प्रकाश आता दुप्पट अंतरावर, म्हणून चौपट क्षेत्रावर पसरतो आणि सेन्सरच्या प्रत्येक बिंदूच्या वाट्यास त्याचा चतुर्थांश येतो. नियम सुटसुटीत आहे: विवर्धनात एक मिळवावा आणि बेरजेचा वर्ग करावा, जो आकडा येईल तितक्या पटीने प्रकाश घटला असे समजावे. निम्म्या आकाराच्या प्रतिमेस ही घट सव्वादोन पट, पूर्ण आकाराच्या प्रतिमेस चार पट. म्हणजेच एफ/११ असे लिहिलेले छिद्र त्या क्षणी वस्तुतः एफ/२२ चे काम करीत असते. वेशीच्या नाक्यावर मालाचा काही हिस्सा ठेवूनच आत सोडावे, तशी ही सान्निध्याची जकात आहे, आणि ती चुकवण्याची कोणतीही तजवीज अद्याप कोणास साधलेली नाही.

भात्याच्या कॅमेऱ्यांवर काम करणाऱ्या जुन्या छायाचित्रकारांना ही जकात डोळ्यांसमोर दिसत असे; भाता किती ताणला आहे ते पट्टीने मोजून ते एक्स्पोजरची मुदत वाढवीत. आजच्या मॅक्रो भिंगात सरकणारे घटक नळीच्या आतच असल्यामुळे ताण दिसेनासा झाला, एवढेच. जकात मात्र तशीच वसूल होत राहिली, आणि न दिसणारी जकात अधिक घातक ठरते. निकॉनचे कॅमेरे जवळ जाताना बदलत जाणारा परिणामी अंक पडद्यावर दाखवतात, तर कॅननचे मूळचाच अंक दाखवीत राहतात; तेव्हा आपला कॅमेरा कोणत्या संप्रदायाचा आहे याची खातरजमा प्रथमच करून घ्यावी, नाहीतर तीच रक्कम दोनदा वजा होण्याचा संभव असतो. जाता जाता सांगावेसे वाटते की निकॉनने या जातीच्या आपल्या भिंगांना ‘मॅक्रो’ऐवजी ‘मायक्रो’ हेच नाव ठेवले असून, त्यांपैकी १९५६ मधील पहिल्या भिंगामागची प्रेरणा फुलांची वा कीटकांची नसून दप्तरांची होती: जपानी लिपीतील बारीक चित्राक्षरे मायक्रोफिल्मवर स्वच्छ उतरावीत म्हणून ते घडवले गेले.

प्रकाश घटतो, तर छिद्र मोठे का करू नये, अशी शंका येथे स्वाभाविकपणे उद्भवते. तिचे उत्तर स्पष्टतेच्या खोलीत आहे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर पूर्ण आकाराची प्रतिमा घेताना एफ/८ वर समाधानकारक स्पष्टतेची खोली जेमतेम एक मिलिमीटर भरते, एफ/११ वर सुमारे १.३ मिलिमीटर आणि एफ/१६ वर सुमारे दोन मिलिमीटर. दवबिंदूच्या पानावरील अलीकडचा केस स्पष्ट आला तर पलीकडचा धूसर होतो, असा हा मामला आहे. मग छिद्र मिटवीत मिटवीत एफ/३२ पर्यंत का जाऊ नये? तेथे प्रकाशाचा तरंगस्वभाव आडवा येतो. अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश कडांशी पसरतो आणि बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता एक चकती होते, जिचा व्यास परिणामी एफ-अंकाच्या प्रमाणात वाढत जातो. हिरव्या प्रकाशाकरिता हिशेब केला तर परिणामी एफ/२२ ला ही चकती सुमारे ०.०३ मिलिमीटर आणि परिणामी एफ/३२ ला ०.०४३ मिलिमीटर येते. यांपैकी पहिला आकडा स्पष्टतेच्या परंपरागत मर्यादेवर आहे, दुसरा तिच्या पलीकडे. म्हणून माझा निर्णय असा की पूर्ण आकाराच्या चित्रास भिंगावरील एफ/११ हे योग्य स्थान होय, अगदीच निकड असेल तर एफ/१६ पर्यंत जावे, आणि त्यापुढे मिळणारी खोली ही सबंध चित्राच्या तीक्ष्णतेची विक्री करून मिळवलेली असल्याने तिचा मोह धरू नये.

छिद्र असे एफ/११ वर कायम झाले की उरलेल्या प्रकाशाची अवस्था पाहण्यासारखी आहे. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० असता एफ/११ आणि एक-द्विशतांश सेकंद हे एक्स्पोजर दूरच्या दृश्यास पुरेसे असते. जकात वजा जाता पूर्ण आकाराच्या चित्रास त्याच्या चतुर्थांशच उरते. आणि कासच्या पावसाळी ढगांखाली ऊन जवळजवळ तीन स्टॉपने मंदावलेले असल्याने प्रत्यक्षात बत्तिसावा हिस्सा हाती लागतो. तो भरून काढण्यासाठी शटर एक-षष्ठांश सेकंद उघडे ठेवावे, तर पान तेवढ्या वेळात दहा वेळा आपली जागा बदलते. या कोंडीतून सुटण्याचा मार्ग म्हणजे फ्लॅश.

फ्लॅश येताच राज्यकारभारात एक मोठा फेरबदल होतो, ज्याची नवशिक्यास कल्पना नसते: शटरची सत्ता संपुष्टात येते. फ्लॅशचा झोत पूर्ण शक्तीवर साधारणपणे एक-सहस्रांश सेकंद टिकतो, आणि आधुनिक फ्लॅशमध्ये शक्ती कमी करणे म्हणजे झोत मध्येच तोडणे असल्यामुळे एक-षोडशांश शक्तीवर तो सुमारे एक-दशसहस्रांश सेकंदात आटोपतो. शटर एक-द्विशतांश सेकंद उघडे असले तरी त्या अवधीत प्रकाश असा तेवढाच क्षण असतो. म्हणून चित्र गोठवण्याचे काम शटर न करता झोतच करतो. पान सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने हलत असेल तर एक-द्विशतांश सेकंदात ते अर्धा मिलिमीटर सरकेल, आणि एवढ्या सरकण्याने थेंबाची निव्वळ एक रेघ होईल. परंतु झोताच्या आयुष्यात ते अवघे मिलिमीटरचा शंभरावा भाग सरकते. शटरला एकच बंधन पाळावे लागते, ते म्हणजे समकालन-वेगाची हद्द न ओलांडण्याचे. बहुतेक कॅमेऱ्यांत ती एक-द्विशतांश ते एक-द्विशतपंचाशांश सेकंद असते, कारण त्याहून जलद वेगात शटरचे दोन पडदे एका फटीच्या रूपाने धावतात, संपूर्ण चौकट एकाच क्षणी उघडी राहत नाही, आणि चित्राचा काही भाग काळा पडतो.

क्षणिक प्रकाशाने गती थांबवण्याची ही युक्ती छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेइतकीच जुनी आहे. १८५१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फॉक्स टॅल्बट यांनी एका फिरत्या चाकावर वृत्तपत्राचे पान चिकटवले आणि लेडन बरण्यांत साठवलेल्या विजेच्या ठिणगीने त्याचे छायाचित्र घेतले. पुढे १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायू भरलेल्या नळीतून विद्युत्‌झोत सोडून या तंत्रास व्यवहारात आणले. दुधाच्या थेंबाने उसळलेला त्यांचा मुकुट जगभर माहीत झाला आहे. आपल्या पिशवीतील लहानशा फ्लॅशच्या झेनॉन नळीत त्याच परंपरेची वीज आहे.

आता या विजेची मात्रा कशी ठरवायची? लहानपणी ज्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला असेल त्यांना ठाऊक आहे की पुस्तक कंदिलापासून दुप्पट अंतरावर नेले की अक्षरे निम्म्याने नव्हे, त्याहून पुष्कळच अधिक मंदावतात. अंतर दुप्पट तर प्रकाश चौथाई, अंतर तिप्पट तर नववा हिस्सा. हाच वर्गाचा व्यस्त नियम फ्लॅशला लागू आहे, आणि विवाहसमारंभात पाच मीटरवरील मंडळींना उजळवणारे यंत्र फुलापासून वीस सेंटिमीटरवर आणले की ते किती प्रचंड शक्तीचे होते याचा अंदाज त्यावरून येईल. उत्पादक फ्लॅशची शक्ती मार्गदर्शक अंकाने सांगतात, जो अंतर आणि एफ-अंक यांचा गुणाकार असतो. समजा आयएसओ १०० करिता हा अंक मीटरमध्ये ३२ आहे. वीस सेंटिमीटरवर भागाकार येतो १६०, म्हणजे एफ/१६०. असे छिद्र कोणत्याही भिंगाला नाही. सान्निध्याच्या जकातीचे दोन स्टॉप वजा करता एफ/८० उरतो. आपल्याला हवा एफ/११. तेव्हा प्रकाश सुमारे त्रेपन्न पट जास्त आहे. फ्लॅशपुढे पांढरा प्रसारक लावला आणि त्याने तीन-चतुर्थांश प्रकाश गिळला असे धरले, तर आधिक्य तेरा पटींवर येते, आणि फ्लॅश एक-षोडशांश शक्तीवर ठेवला की जमा आणि खर्च यांचा मेळ जवळपास बसतो. एवढ्या अल्प शक्तीवर झोतही अतिशय आखूड असतो, हे आपण वर पाहिलेच. इतक्या निकट, मोठा प्रसारक लावलेला असताना व्यस्त नियम काटेकोरपणे पाळला जात नाही. म्हणून हा हिशेब आरंभबिंदू समजावा आणि अखेरचे फर्मान चाचणीचे मानावे.

यापुढची गोष्ट मला या विषयातील सर्वांत रमणीय वाटते. फ्लॅश भिंगाच्या टोकाशीच बसवलेला असेल, तर कॅमेरा फुलाकडे नेताना फ्लॅशही फुलाकडे जातो आणि फुलावरील प्रकाश वाढतो. त्याच वेळी जकातही वाढते आणि सेन्सरवरील प्रकाश घटतो. शंभर मिलिमीटरच्या साध्या भिंगाचे उदाहरण घेऊ. निम्म्या आकाराच्या चित्रास भिंग फुलापासून तीनशे मिलिमीटरवर असते, पूर्ण आकाराच्या चित्रास दोनशे मिलिमीटरवर. या प्रवासात फुलावरील प्रकाश सव्वादोन पट होतो, आणि जकात सव्वादोनवरून चारावर, म्हणजे सुमारे पावणेदोन पटीने वाढते. एक दुसऱ्याला जवळजवळ खाऊन टाकते. फरक उरतो तो सुमारे एक-तृतीयांश स्टॉपचा, जो सहज दुर्लक्षिता येतो. म्हणजे ज्या क्षेत्रात आपण प्रत्येक इंचाला एक्स्पोजर बदलावे लागेल म्हणून धास्तावलेलो असतो, तेथे एकदा ठरवलेला छिद्राचा अंक आणि एकदा ठरवलेली फ्लॅशची शक्ती निम्म्या आकारापासून पूर्ण आकारापर्यंत जशीच्या तशी चालते. अंतर्गत केंद्रीकरणाच्या भिंगांत नाभीय अंतर जवळ जाताना आखडत असल्याने आकडे थोडे हलतात, पण तत्त्व अबाधित राहते. निम्म्या आकाराहून दूर गेल्यास मात्र ही भरपाई अपुरी पडू लागते. चौथाई आकारास साधारण एक स्टॉप वाढवून द्यावा.

फ्लॅशचा दोष म्हणून ज्याचा सर्वत्र उल्लेख होतो ती काळी पार्श्वभूमीही याच व्यस्त नियमाची संतती आहे. फूल फ्लॅशपासून पंधरा सेंटिमीटरवर आणि मागचे गवत दीड मीटरवर असेल तर गवताला फुलाच्या शतांश प्रकाश मिळतो, आणि भर दुपारचे चित्र मध्यरात्रीचे भासते. येथे शटर आणि आयएसओ यांना पुन्हा थोडा अधिकार देता येतो: आयएसओ चारशेवर न्यावा, फ्लॅशची शक्ती तितक्याच प्रमाणात खाली आणावी, शटर सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत मंद करावे, म्हणजे ढगाळ आकाशाचा प्रकाश गवतापर्यंत पोहोचून हिरवी छटा उमटते. परंतु वारा असेल तर या मुभेबरोबर फुलाची एक फिकट छाया मूळ प्रतिमेच्या कडेस उमटण्याची जोखीमही येते. त्याहून सोपा उपाय म्हणजे फुलाच्या मागे दहा-बारा सेंटिमीटरवर एखादे गळलेले पान धरणे. या उद्योगात पठारावर आडवे पडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. जांभ्यावरील त्या ओलसर मातीच्या थरात एका फुलाशेजारी सीतेची आसवं आणि गेंद यांची इवली रोपे दाटीने उभी असतात, आणि एका चित्रासाठी ती चिरडणे अक्षम्य आहे.

प्रकाशाची मात्रा जुळली तरी त्याचा पोत राहतो. सूर्य अवाढव्य असूनही आकाशात अर्धा अंश एवढीच जागा व्यापतो, म्हणून त्याच्या सावल्या कठोर असतात; उलट दहा सेंटिमीटर रुंदीचा कागदी प्रसारक फुलापासून दहा सेंटिमीटरवर आणला की फुलाच्या दृष्टीने तो खोलीच्या मोठ्या खिडकीएवढा होतो. दवबिंदूच्या बाबतीत तर प्रसारकाचे महत्त्व दुप्पट आहे, कारण त्याचा प्रत्येक थेंब हा एक बहिर्गोल आरसा असून त्यात दिव्याचीच प्रतिमा उमटते. उघड्या फ्लॅशने प्रत्येक थेंबात एक भगभगीत ठिपका येतो. वलयाकृती फ्लॅशने प्रत्येक थेंबात एक बांगडी दिसते, जी मला तरी असह्य वाटते. मोठ्या, किंचित वाकलेल्या प्रसारकाने मात्र थेंबाच्या खांद्यावर पहाटेच्या आकाशासारखा मृदू उजेड पसरतो. त्या उजेडाच्या मध्यभागी थोडा तपशील हरवला तरी त्यासाठी एक्स्पोजर कमी करू नये. चमक ही चमकच असावी.

स्वयंचलित मापनाबद्दल माझे मत येथे नोंदवून ठेवतो. भिंगातून आत आलेला प्रकाश मोजून फ्लॅश आपोआप तोडण्याची व्यवस्था १९७५ च्या ऑलिंपस ओएम-टू या कॅमेऱ्याने फिल्मवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजून रूढ केली, आणि तिचा मोठा लाभ असा की मापन भिंगाच्या आत होत असल्यामुळे सान्निध्याची जकात त्यात आपोआप धरली जाते. तरीही मापकाचा एक मूलभूत समज असतो, तो म्हणजे समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करड्या तेजाची आहे. गेंदाचा पांढरा गोंडा चौकट भरून असेल तर तो त्याला करडा करून ठेवतो, आणि एक ते दीड स्टॉप वाढवून मागावे लागते. काळ्या पार्श्वभूमीवरचे एकुलते फूल असेल तर तोच मापक अंधार उजळण्याच्या नादात पाकळ्या जाळतो. कवल्याच्या पिवळ्या फुलाची गोष्ट आणखी निराळी: कॅमेऱ्याच्या पडद्यावरील तेजाचा एकूण आलेख निर्दोष दिसत असताना तांबडा घटक एकटाच काठाबाहेर गेलेला असतो आणि पाकळीवरच्या शिरा नाहीशा होतात, म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहण्याची सवय लावावी. जेथे अंतर जवळजवळ निश्चित आहे, भरपाईचा नियम आपल्या बाजूचा आहे आणि वस्तूच्या रंगाने दिव्याची शक्ती बदलण्याचे काही कारण नाही, तेथे फ्लॅश हस्तचालित ठेवणे हेच मला सर्वस्वी श्रेयस्कर वाटते. पांढरे फूल पांढरे येते, काळा भुंगा काळा येतो.

हस्तचालित फ्लॅशची शक्ती ठरवणारी वर म्हटलेली चाचणी घेण्यासाठी पावसाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. अंगणातील किंवा गॅलरीतील तुळशीचे एक मध्यम हिरवे पान घ्यावे. नाणे घेऊ नये, त्याची चमक फसवते. आयएसओ १००, एफ/११, एक-द्विशतांश सेकंद कायम ठेवून फ्लॅश प्रसारकासह भिंगाच्या टोकाशी बसवावा, आणि एक-चतुर्थांशापासून एक-चतुःषष्टांशापर्यंत पाच शक्तींवर, प्रथम निम्म्या आणि मग पूर्ण आकारात, अशी दहा चित्रे घ्यावीत. त्यांतील जे पान डोळ्याला दिसणाऱ्या पानासारखे असेल त्याची शक्ती एका चिठ्ठीवर लिहून ती फ्लॅशच्या पाठीवर चिकटवावी. प्रसारक बदलला तर चिठ्ठी नवी करावी. या सर्व कामास एक दुपार पुरते.